लाल बादली आणि मागचं दार

आमच्या सोसायटीच्या मागच्या जिन्याच्या दाराचं कुलूप परवा एकदाचं निघालं. एकवीस महिने लागले. आमचे हे म्हणाले, "आता तरी शांत झोपशील ना?" झोपले. पण झोपण्याआधी खाली जाऊन दार एकदा ढकलून बघितलं. उघडलं. मग वर आले.

घरच्या मंडळींना हे रामायण थोडंफार माहीत आहे. लेक फोनवर नेहमी विचारते, "आई, तुझं आगीचं म्युझियम काय म्हणतंय?" पुतण्यांना वाटतं, काकूला म्हातारपणी हे नवीनच खूळ लागलंय. पण ह्या खुळाचं मूळ कुठे आहे ते मी कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. अगदी ह्यांनासुद्धा नाही. मागच्या महिन्यात सोसायटीच्या सभेत ते पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. एकदा निघालंच आहे, तर आता सगळं लिहूनच टाकते.

सुरुवात हिंगणघाटपासून करावी लागेल. माझे वडील तिथल्या एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत कारकून होते. दिवाळी झाली की कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची, आणि आमच्या अंगणातल्या तुळशीवरसुद्धा कापसाचे पुंजके येऊन बसायचे. फॅक्टरीच्या भिंतीवर ओळीने लाल बादल्या टांगलेल्या असत, वाळूने भरलेल्या. त्यांची बुडं गोल होती. मी बाबांना विचारलं होतं, "ही बादली खाली ठेवली तर लवंडेल की हो!" बाबा म्हणाले, "म्हणूनच तशी केली आहे. खाली नीट उभी राहिली असती, तर कुणीतरी कधीच घरी पाणी भरायला नेली असती."

मला ते उत्तर फार आवडलं होतं. माणसाचा स्वभाव ओळखून केलेली वस्तू! अर्थात माणूस तरी कुठे ऐकतो... त्या बादल्यांत हमाल लोक पानाच्या पिचकाऱ्या मारायचेच.

बाबा संध्याकाळी गोदामातून एक फेरी मारत. गाठींवर हात ठेवत, वास घेत. कापसाच्या गाठीत एखादी ठिणगी शिरली की बाहेरून काही दिसत नाही. आतल्या आत ती कितीतरी वेळ धुमसत राहते, आणि सगळे घरी गेल्यावर पेटते. बाबांचं नाक ह्या बाबतीत फार तिखट होतं. पुढे फॅक्टरी बंद पडली, सामानाचा लिलाव झाला, तेव्हा आठवण म्हणून बाबांनी एक बादली घरी आणली. ती आज माझ्याकडे आहे. तिच्याबद्दल पुढे सांगते.

१९७४ साली मी नागपुरात शाळेत लागले आणि २००९ साली निवृत्त झाले. मधल्या पस्तीस वर्षांत मराठी शिकवलं, इतिहास शिकवला, आणि शेवटची बरीच वर्षं पर्यवेक्षिका होते. शाळा दुमजली. वर जायला एकच जिना. पुढे मोठं फाटक, आणि मागे गल्लीत उघडणारं एक लहान लोखंडी फाटक. मधल्या सुट्टीत मुलं त्या मागच्या फाटकातून गल्लीत पळायची. बोरं, चिंचा, उन्हाळ्यात बर्फाचा गोळा. काही जण गेले की परत यायचेच नाहीत. १९९५ च्या जूनमध्ये एक मुलगा असाच पळाला आणि स्कूटरखाली आला. पाय मोडला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत येऊन नको नको ते बोलले.

त्याच दिवशी मी मागच्या फाटकाला कुलूप घातलं. मी म्हणजे मीच. कुणी सांगितलं नव्हतं. इतवारीतून सात लिव्हरचं कुलूप मीच आणलं, पैसेही माझेच. सगळ्यांनी कौतुक केलं. पालक खूश, मुख्याध्यापक खूश. मुलांची पळापळ बंद झाली. किल्ली आमच्या शिपाईमामांच्या करदोट्याला.

त्याच वर्षी २३ डिसेंबरला हरियाणातल्या डबवाली गावी शाळेच्या बक्षीस समारंभात मंडपाला आग लागली. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यांत कितीतरी शाळकरी मुलं. आम्ही स्टाफरूममध्ये पेपर वाचला, हळहळलो. मला आठवतं, माझे डोळे भरून आले होते. पण माझ्या मनात आमचं मागचं फाटक काही आलं नाही. डबवाली हरियाणात, आमची शाळा नागपुरात. त्यात मंडप होता, आमच्याकडे पक्की इमारत. संपलं.

नऊ वर्षं गेली. १६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमला एका शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली, ती वरच्या झावळ्यांच्या छपराला गेली, आणि ९४ मुलं दगावली. दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. पेपर हातात घेऊन मी पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात उभी होते. खाली प्रार्थना चालू होती. लहान मुलं, अरुंद जिना... बातमीतला शब्दन्‌शब्द मला आमच्याच शाळेचा वाटायला लागला. वर पाच वर्ग. एकेका वर्गात पन्नासच्या वर पोरं. जिना एक. आणि मागे माझं कुलूप.

सोमवारी मी मुख्याध्यापकांना म्हटलं, सर, आपण एकदा आगीची रंगीत तालीम करू या. ते म्हणाले, "बाई, उगाच पोरांना घाबरवू नका." पण नाही म्हणाले नाहीत. दुपारी लांब घंटा वाजवली. काय झालं असेल? मुलं आनंदाने ओरडली, कारण त्यांना वाटलं सुट्टी झाली. मग सगळ्यांनी दप्तरं भरली. डबे शोधले. जिन्यावर एकच गर्दी. एकाची चप्पल निघाली म्हणून तो मधेच वाकला, तर मागचे दहा जण त्याच्यावर. वरचा मजला रिकामा व्हायला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बसले होते.

आणि पाचवी 'ब'च्या मुली मागच्या फाटकाशी उभ्या होत्या. त्यांचा वर्ग तिकडून जवळ, म्हणून त्या बिचाऱ्या बरोबर जवळच्या दाराशी गेल्या होत्या. एकमेकींना खेटून, खिदळत. त्यातली एक दोन वेण्यांची मुलगी मला म्हणाली, "बाई, कुलूप आहे!"

मामा कुठे? मामा चलान भरायला बँकेत गेले होते. किल्ली मामांच्या कमरेला.

ती मुलगी हसत होती. तिच्या दृष्टीने तो खेळ होता. ते कुलूप कुणी लावलंय हे तिला ठाऊक नव्हतं. मला त्या क्षणी पायांखालची जमीन सरकल्यासारखं झालं, पण मी शाळेत बाई होते ना. म्हटलं, "बरं, पुढच्या फाटकाने चला, रांगेने."

त्याच दिवशी कुलूप काढलं. नुसती आतून कडी ठेवली. आणि मुलं पळू नयेत म्हणून काय केलं असेल? मधल्या सुट्टीत मामांना तिथे एक स्टूल टाकून बसवलं. झालं! नऊ वर्षं ज्याला कुलूप लागलं, त्याचा उपाय एक स्टूल होता. पुढे दर सत्रात तालीम घेतली. दप्तर नको, चप्पल नको, बोलणं नको, एक हात भिंतीला. अकरा मिनिटांची चारवर आली. सगळ्यांनी पुन्हा कौतुक केलं. कुलूप मीच लावलं होतं ह्याचा उल्लेख कुणी केला नाही, आणि मीही नाही.

निवृत्तीनंतर लगेच लेकीकडे अमेरिकेला गेलो. ती तेव्हा न्यू जर्सीत होती, नातू सात वर्षांचा. एका शनिवारी ती आम्हाला न्यूयॉर्कला स्प्रिंग स्ट्रीटवरच्या अग्निशमन संग्रहालयात घेऊन गेली. १९०४ साली बांधलेलं जुनं फायर स्टेशन, त्यातच म्युझियम केलेलं. नातवाला लाल गाड्या बघायच्या होत्या, मला पाय टेकायला बाक हवा होता. पण आत गेले आणि बाक विसरले. घोड्यांनी ओढायचे बंब, त्याआधीचे माणसांनी ओढायचे बंब, पितळेचे भोंगे. आणि एका ठिकाणी चामड्याच्या जुन्या बादल्या! पूर्वी तिकडे आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागायची आणि बादल्या हातोहात पुढे जायच्या. मला एकदम हिंगणघाटच्या भिंतीवरची लाल रांग दिसली.

एका भागात ११ सप्टेंबर २००१ ला गेलेल्या ३४३ अग्निशामकांचं स्मारक होतं. तिथे कुणी बोलत नव्हतं.

पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. तिथे मुलांसाठी एका घरासारखी खोली केली होती. मुलांनी आत जायचं आणि धोके शोधायचे. नातू आणि इतर पोरं नुसती तुटून पडली. इथे वायर दबलीय, तिथे पडदा हीटरजवळ आहे! मग खोटा धूर सोडला, आणि सगळी पोरं गुडघ्यांवर रांगत बाहेर आली. धूर वर जातो, जमिनीजवळ हवा त्यातल्या त्यात बरी असते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. नातवाला ते त्या दिवशी ढोपरांतून कळलं. घरी परतल्यावर त्याने जेवायच्या आधी आम्हा सगळ्यांना विचारलं, "आजी, तुझ्या नागपूरच्या घराला बाहेर पडायचे रस्ते किती?"

मी म्हटलं, एक. तो म्हणाला, "आणि दुसरा?"

पस्तीस वर्षं मास्तरकी केली, पण हा प्रश्न मी कधी वर्गात विचारला नव्हता.

नागपूरला परत आले आणि माळ्यावरून जुनी पत्र्याची ट्रंक काढली. तिच्यात आधी बाबांची लाल बादली ठेवली. मग एकेक वस्तू जमत गेली. पहिल्यांदा शेजारच्या दोन मुलांना दाखवली, त्यातला एक म्हणाला, "आजीचं म्युझियम!" तेच नाव पडलं. एप्रिलमध्ये, गणपतीत, दिवाळीच्या आधी, कुणी बोलावेल तिथे ही ट्रंक रिक्षात घालून जाते. शाळा, महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ. तिकीट नाही, चहा मात्र घेते.

आत काय आहे ते सांगते.

एक वितळलेला प्लग. आमच्याच घरातला, कूलरचा. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळिसावर, आणि एकाच एक्स्टेंशन बोर्डवर कूलर, टीव्ही, मोबाईल सगळं. सैल बसलेला प्लग आतून तापतो. हात लावून बघा, कोमट नाही तर चक्क गरम लागला की समजा तो सूचना देतोय. बाबा गाठींवर हात ठेवायचे तसंच हे.

गॅसची नारिंगी नळी, बारीक चिरा गेलेली. नळीवर तारीख छापलेली असते, आणि ती पाच वर्षांनी बदलायची असते, हे सांगितलं की बायका एकमेकींकडे बघतात. मग सांगते, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर उडून जात नाही, फरशीवर साचतो. म्हणून वास आला तर दिवा लावायचा नाही आणि लावलेला बंदही करायचा नाही. बटणाची बारीकशी ठिणगीसुद्धा पुरते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

कढईचं झाकण. हे बघून सगळ्या हसतात. पण तळणाच्या तेलाने पेट घेतला तर हेच वाचवतं. पाणी टाकलं तर ते जड असल्यामुळे तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते, आणि ती वाफ जळतं तेल घरभर उडवते. म्हणून गॅस बंद, झाकण हळूच वरून सरकवायचं, आणि कढई गार होईपर्यंत उचलून बघायचं नाही. हे शेवटचंच सगळ्यात कठीण! आपल्याला झाकण उचलून बघायची सवय.

शाईची दौत. १९८३ च्या दिवाळीत चकल्या तळताना माझ्या मनगटावर तेल उडालं. सासूबाईंनी मायेने अख्खी दौत ओतली. डॉक्टरांना निळ्या रंगाखाली जखमच दिसेना. त्यांनी मला न रागावता सासूबाईंनाही रागावलं नाही, पण चेहरा सांगत होता. भाजलं की नळाचं साधं गार पाणी, वीस मिनिटं. शाई नाही, टूथपेस्ट नाही, तूप नाही, बर्फही नाही.

एक जुनी ओढणी. ती डोळ्यांवर बांधायची आणि स्वतःच्याच घरातून, भिंतीला हात लावत, दारापर्यंत रांगत जायचं. मोठी माणसंसुद्धा चपलांच्या रॅकला अडखळतात. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही, पळालं की वारा मिळतो. थांबा, झोपा, लोळा, हे तीन शब्द मुलं घोकत घरी जातात.

आणि शेवटी १०१ ह्या नंबरचा कागद. फोन करताना घाबरून पत्ता न सांगताच फोन ठेवणारे खूप असतात. म्हणून मी मुलांना घराचा पत्ता खुणेसकट मोठ्याने म्हणायला लावते. तुम्हीही एकदा म्हणून बघा, जमतं का ते.

१४ एप्रिल म्हटलं की आम्हा नागपूरकरांना आधी आठवते ती आंबेडकर जयंती आणि दीक्षाभूमीची गर्दी. तोच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. त्यात सुमारे १४०० टन दारूगोळा होता, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी! दुपारी धूर दिसला. कापूस आत धुमसत होता, बंबवाले पाणी मारत होते, पण आग नेमकी कुठे आहे ते सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावरही त्याची नोंद झाली. जहाजातल्या सोन्याच्या विटा दूरदूर उडाल्या, त्यातली एक म्हणे एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली. मुलांना ही सोन्याची गोष्ट फार आवडते. पण मी त्यांना ६६ हा आकडा पाठ करायला लावते. त्या दिवशी पाणी मारता मारता गेलेले ते ६६ अग्निशामक. हा सप्ताह १४ ते २० एप्रिल त्यांच्यासाठीच असतो. ही गोष्ट सांगताना मला दर वेळी बाबांचा गाठीवर ठेवलेला हात आठवतो.

आणि गंमत बघा. आग विझवण्याचं शिक्षण देणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्याच नागपुरात आहे. १९५६ साली ते रामपूरला सुरू झालं आणि १९५७ पासून इथे आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलं इथे शिकायला येतात. २००२ साली आपल्या नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर तिथे शिकायला गेल्या आणि देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक झाल्या. मी वर्गात मुलींना हे मोठ्या अभिमानाने सांगते. पण मग स्वतःलाच विचारते, सारा देश ज्या गावात आग विझवायला शिकतो, त्या गावातल्या आपल्या घरांत गॅसच्या नळीवरची तारीख कुणी बघितली आहे?

९ जानेवारी २०२१ ची पहाट तुम्हाला आठवत असेल. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. सात वाचली. भंडारा म्हणजे आमचं शेजारघर, तासा-दीड तासाचा रस्ता. संक्रांत तोंडावर होती, मी तिळाचा पाक करत होते. गॅस बंद केला आणि बसून राहिले. त्या वर्षी मी तिळगूळ केला नाही.

आता सोसायटीकडे येते. आमची इमारत सात मजली. पुढे लिफ्ट आणि जिना, मागे दुसरा जिना. दोन वर्षांपूर्वी मागच्या दाराने कुणीतरी शिरून दोन सायकली आणि एक बॅटरी नेली. लगेच दाराला कुलूप. किल्ली चौकीदाराकडे. मी हरकत घेतली, तर सेक्रेटरी म्हणाले, "काकू, चोरी झाली ती खरी झाली. आग लागेल तेव्हा बघू." मी अर्ज दिले. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला, त्यात जबाबदारी मालकाची आणि राहणाऱ्याची आहे, दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो, हे सगळं लिहून दिलं. अर्ज फायलीत गेले.

यंदा एप्रिलच्या सप्ताहात मी इमारतीतल्या मुलांसाठी ट्रंक उघडली, आणि मोठ्यांनाही बोलावलं. ओढणीचा खेळ मागच्या जिन्यावर ठेवला. डोळे बांधून दुसऱ्या मजल्यावरून खाली. सेक्रेटरी मुलांच्या आग्रहाने स्वतः उतरले, सगळ्यांच्या पुढे. दारापर्यंत आले, चाचपडत हात कुलपाला लागला आणि थांबले. मागून मुलं येऊन त्यांना धडकली. सगळे हसले. चौकीदार कुठे? तो पाच मिनिटांनी आला. "चहा प्यायला गेलतो ना साहेब."

किल्ली नेहमी कुणाकडे तरी असते, आणि तो कुणीतरी नेमका तेव्हाच कुठेतरी गेलेला असतो.

मला वाटलं होतं ते आता तरी मानतील. पण चारचौघांत फजिती झाल्यासारखं होऊन ते उलट चिडले. पुढच्या सभेत म्हणाले, "काकूंना शिकवायची सवय आहे. जबाबदारी अंगावर घेऊन बघा, मग कळेल." मी उत्तर द्यायला उभी राहिले. कायद्याचा कागद हातात होता. तो वाचायचा सोडून मी भलतंच बोलायला लागले. १९९५ चं कुलूप. स्कूटर. डबवालीची बातमी वाचूनही न कळलेलं. पाचवी 'ब'. बँकेत गेलेले मामा. म्हटलं, "तुम्ही जे केलंत तेच मी केलं होतं, आणि तुमच्यासारखंच चांगल्या हेतूने केलं होतं. माझ्या शाळेत नऊ वर्षांत आग लागली नाही, ते माझं कर्तृत्व नाही. नुसतं नशीब."

बोलून झाल्यावर लक्षात आलं की हे बाजूला बसून माझ्याकडे बघताहेत. तीस वर्षांत त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

सभा संपल्यावर सेक्रेटरी घरी आले. म्हणाले, सून दिवसभर दोन लहान मुलांना घेऊन पहिल्या मजल्यावर एकटी असते, मागून कुणी शिरलं तर... त्यांची भीतीही खोटी नव्हती. ती मी कधी नीट ऐकूनच घेतली नव्हती, नुसते अर्ज दिले होते. मग आम्ही दोघांनी मिळून उपाय शोधला. बाहेरून उघडत नाही, पण आतून आडवी दांडी ढकलली की झटकन उघडतं आणि घंटा वाजते, असं दार मिळतं. घरटी साडेसहाशे रुपये आले. दोन घरांनी अजून दिलेले नाहीत, पण दार बसलं.

तर मंडळी, आज रात्री एकच करा. झोपण्याआधी घरातल्या लहान मुलाला विचारा, आपल्या घरातून बाहेर पडायचे रस्ते किती. आणि ग्रिलची किल्ली कुठे आहे ते त्याला दाखवून ठेवा. कुणाच्या करदोट्याला असू नये, एवढंच.

पाचवी 'ब'तली ती दोन वेण्यांची मुलगी आता तिशी ओलांडून गेली असेल. तिचीही मुलं शाळेत जात असतील. कधी भेटली तर तिला सांगायचं आहे की त्या दिवशी ती बरोबर दाराशी गेली होती. कुलूप मी लावलं होतं.